बेंजामिन फ्रँकलिन

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट निघाली की, जॉर्ज वॉशिंग्टनची तलवार आणि टॉमस जेफर्सनची लेखणी लोकांना प्रथम आठवते. या दोघांहून वयाने कितीतरी वडील असलेला आणखी एक पुरुष त्या लढ्यात होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करताना त्याने सत्तरी ओलांडली होती. नवलाची गोष्ट ही की, त्या सत्तर वर्षांपैकी बहुतेक सर्व वर्षे तो इंग्लंडच्या राजाचा निष्ठावंत प्रजाजन होता. ब्रिटिश साम्राज्य अभंग राहावे म्हणून त्याने केली तेवढी खटपट फार थोड्यांनी केली असेल. हा पुरुष म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन शहरात झाला. त्याचे वडील जोसाया हे साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या तयार करून विकीत. घरात एकंदर सतरा मुले. त्यांत बेंजामिन पंधरावा. एवढ्या मोठ्या संसारात त्याच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या दुकानात मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला आणि बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. तेथे खिळे जुळविता जुळविता त्याला वाचनाचे वेड लागले. पुस्तके विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांतील ओळखीच्या मुलांकडून संध्याकाळी पुस्तक उसने आणावे, रात्र जागून वाचावे आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी परत करावे, असा त्याचा क्रम असे.

भावाचा स्वभाव तापट होता. प्रसंगी तो हातही उगारी. शेवटी १७२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बेंजामिन बॉस्टनहून पळाला आणि फिलाडेल्फियास येऊन पोहोचला. प्रवासाने कपडे मळलेले, खिशात थोडीशी नाणी, दोन्ही काखांत एकेक मोठा पाव आणि तिसरा पाव खात खात चाललेला, असे ते ध्यान एका घराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीने पाहिले व तिला हसू आले. तिचे नाव डेबोरा रीड. पुढे हीच त्याची पत्नी झाली.

यानंतरची पंचवीस वर्षे सतत उद्योगाची आहेत. फ्रँकलिनने स्वतःचा छापखाना काढला, वर्तमानपत्र चालविले, दरवर्षी एक पंचांग छापून त्यात व्यवहारचातुर्याची वचने घातली आणि ते हजारो घरांत पोहोचविले. वर्गणी जमवून त्याने १७३१ मध्ये वाचनालय स्थापन केले. पुढे आग विझविणारी स्वयंसेवकांची तुकडी उभारली. बेचाळिसाव्या वर्षी छापखान्याचा कारभार भागीदारावर सोपवून तो विद्युत्शास्त्राच्या नादी लागला. वादळात पतंग उडवून आकाशातील वीज व प्रयोगशाळेतील विद्युत ही एकच आहे, हे त्याने दाखवून दिले, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. त्या वेळी त्याचा तरुण मुलगा विल्यम त्याच्या मदतीस होता. या विल्यमची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. प्रत्येकीचा कारभार निराळा, कायदेमंडळ निराळे आणि शेजाऱ्यांशी फारसे सख्य नाही, अशी स्थिती होती. १७५३ मध्ये फ्रँकलिनची या सर्व वसाहतींच्या टपालखात्याचा उपप्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्याने रस्ते तपासले, हिशेबाला शिस्त लावली आणि फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान रात्रीही टपाल धावू लागले. टपालाच्या निमित्ताने त्याला सगळ्या वसाहती एक देश म्हणून दिसू लागल्या. इतरांना ते दिसण्यास अजून वीस वर्षे लागणार होती. १७५४ साली फ्रेंचांशी युद्धाचा रंग दिसू लागला, तेव्हा त्याने आपल्या पत्रात तुकडे तुकडे झालेल्या सापाचे चित्र छापले आणि वसाहतींनी एक न होता राहिल्यास काय होईल ते लोकांच्या डोळ्यांपुढे उभे केले. त्याच वर्षी ऑल्बनी येथील परिषदेत त्याने वसाहतींच्या संघाची योजनाही मांडली. परंतु वसाहतींना आपले अधिकार सोडावयाचे नव्हते, आणि वसाहती एकत्र आल्या तर त्या डोईजड होतील अशी लंडनला भीती. योजना कागदावरच राहिली.

पुढल्याच वर्षी जनरल ब्रॅडॉक इंग्रज सैन्य घेऊन फ्रेंचांवर चालून निघाला. त्याला सामान वाहून नेण्यास गाड्या मिळेनात. फ्रँकलिनने शेतकऱ्यांकडून दीडशे गाड्या मिळवून दिल्या. शेतकऱ्यांचा जनरलवर विश्वास नव्हता, म्हणून नुकसानभरपाईची हमी फ्रँकलिनने स्वतःच्या नावावर दिली. ब्रॅडॉकचा पराभव झाला व तो मारला गेला. तेव्हा शेतकऱ्यांच्या मागण्या जवळजवळ वीस हजार पौंडांपर्यंत गेल्या आणि फ्रँकलिनचे दिवाळे निघण्याची पाळी आली. सरकारने पैसे चुकते केले म्हणून तो वाचला. राजाच्या कामासाठी घरदार पणाला लावणारा हा मनुष्य होता.

१७५७ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या कायदेमंडळाने त्याला आपला वकील म्हणून लंडनला पाठविले. मधली दोन वर्षे सोडली तर पुढची सुमारे सोळा वर्षे त्याची लंडनमध्येच गेली. हे शहर त्याला मनापासून आवडले. विद्वानांशी स्नेह जमला, ऑक्सफर्ड विद्यापीठाने डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. बरोबर आलेला विल्यम वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १७६२ साली राजाने त्याला न्यूजर्सी वसाहतीचा गव्हर्नर नेमले. मेणबत्त्या करणाऱ्याचा नातू राजाचा गव्हर्नर झाला! यापरते साम्राज्याचे औदार्य ते कोणते, असे बापलेकांना वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

फ्रेंचांशी चाललेले युद्ध १७६३ मध्ये संपले. इंग्लंडला विजय मिळाला. परंतु राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन सुमारे तेरा कोटी पौंडांवर गेले. शिवाय अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याचा खर्च होताच. हे सैन्य वसाहतींच्या रक्षणासाठी आहे, तेव्हा त्यांनी खर्चाचा काही भार उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटले. वरवर पाहता त्यांचे म्हणणे गैर नव्हते. त्यासाठी पार्लमेंटने १७६५ च्या मार्च महिन्यात मुद्रांकाचा कायदा केला. वर्तमानपत्र, पंचांग, खरेदीखत, परवाना, विद्यापीठाचे प्रमाणपत्र, इतकेच काय, खेळण्याचे पत्ते यांनासुद्धा सरकारी मुद्रांक लागणार आणि त्याचे पैसे मोजावे लागणार, असे त्यात ठरले.

कर फार मोठा नव्हता. खरा प्रश्न होता तो कर बसविणारा कोण, हा. इंग्रज माणसावर त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीवाचून कर बसविता येत नाही, ही इंग्लंडचीच जुनी परंपरा. वसाहतींतील लोक स्वतःला इंग्रजच समजत. त्यांची स्वतःची निवडलेली कायदेमंडळे होती आणि ती आजवर कर ठरवीत आली होती. लंडनच्या पार्लमेंटमध्ये मात्र अमेरिकेने निवडून दिलेला एकही सभासद नव्हता. आज एका कागदावर मुद्रांक मारू दिला, तर उद्या शेतावर, घरावर आणि धान्यावर कर बसण्यास काय अडचण, असे लोक विचारू लागले.

या वेळी फ्रँकलिनच्या हातून एक मोठी चूक झाली. कायदा होऊ नये म्हणून त्याने प्रयत्न केले होते. पण तो मंजूर होताच आता विरोध व्यर्थ आहे, असे त्याने मानले आणि फिलाडेल्फियात मुद्रांक विकण्याच्या जागेसाठी आपल्या एका मित्राचे नाव सुचविले. समुद्राच्या पलीकडे राहून त्याला स्वदेशातील वारे कळले नव्हते. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. मुद्रांक विकणाऱ्यांचे पुतळे जाळले गेले, घरे फोडली गेली. हा कायदा फ्रँकलिननेच रचला, अशी कंडी पिकली आणि सप्टेंबरमधील एका रात्री त्याच्या नव्या घरावर जमाव चालून येणार, अशी बातमी आली. शेजाऱ्यांनी डेबोराला घर सोडण्याचा आग्रह केला. तिने मुलीला विल्यमकडे न्यूजर्सीला पाठविले. परंतु स्वतः हलली नाही. भावाला व काही आप्तांना तिने बोलावून घेतले, माडीवरच्या एका खोलीत बंदुका व दारूगोळा ठेवला आणि आपण कोणाचे काही वाकडे केलेले नाही, तेव्हा आपण जाणार नाही, असे सांगून ती रात्रभर पहाऱ्यावर राहिली. नगरातील फ्रँकलिनचे हितचिंतक कारागीर शेकडोंनी रस्त्यावर उतरले आणि जमाव फिरकला नाही. नवऱ्याची चूक बायकोने अशी निस्तरली.

चूक ध्यानात येताच फ्रँकलिनने ती धुऊन काढण्यासाठी कंबर कसली. १३ फेब्रुवारी १७६६ रोजी त्याला पार्लमेंटपुढे साक्षीस बोलावण्यात आले. त्या दिवशी त्याला १७४ प्रश्न विचारण्यात आले. त्यांतले काही स्नेह्यांनी आधी ठरवून विचारलेले होते, तर काही विरोधकांनी कोंडीत पकडण्यासाठी टाकलेले होते. त्याने सर्वांना शांतपणे, मोजक्या शब्दांत उत्तरे दिली. वसाहतींचे प्रेम थोड्याशा शाईकागदावर टिकून होते, तेथे किल्ले व फौजा लागत नव्हत्या, हे त्याने पटवून दिले. सैन्य पाठवाल तर त्याला तेथे बंड सापडणार नाही, मात्र सैन्य गेल्यामुळेच बंड उभे राहील, असा इशाराही त्याने दिला. महिनाभरात, १८ मार्च १७६६ रोजी, कायदा रद्द झाला. वसाहतींनी विलायती कापडावर बहिष्कार घातला होता, तोही उठला. तेव्हा फ्रँकलिनने पत्नीसाठी लंडनहून नव्या झग्याचे कापड पाठविण्याचे ठरविले. शेजारणी घरी कातलेले नेसत असता तिला विलायती वस्त्र पाठविणे इतके दिवस त्याला प्रशस्त वाटले नव्हते.

आनंदाच्या भरात एका गोष्टीकडे लोकांचे फारसे लक्ष गेले नाही. कायदा रद्द झाला त्याच दिवशी पार्लमेंटने दुसराही एक कायदा केला होता. वसाहतींवर कोणत्याही बाबतीत बंधनकारक कायदे करण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यात बजावले होते. वर्षभरातच त्या अधिकाराचा प्रत्यय आला. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. पुन्हा बहिष्कार सुरू झाला. १७६८ मध्ये बॉस्टन शहरात फौज उतरली आणि ५ मार्च १७७० च्या संध्याकाळी सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या; त्यांत पाच माणसे मेली. त्यानंतर बाकीच्या जकाती उठविण्यात आल्या. परंतु पार्लमेंटचा अधिकार शाबूत आहे हे दाखविण्यासाठी चहावरची तेवढी ठेवण्यात आली.

चहाचा हा व्यापार ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती होता, ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. या वेळी कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. हिंदुस्थानातील लढायांचा खर्च वाढला होता, बंगालमध्ये १७७० साली भीषण दुष्काळ पडला होता, आणि लंडनच्या वखारींत चीनमधून आणलेला दीड कोटी पौंडांहून अधिक वजनाचा चहा पडून होता. कंपनीला तारण्यासाठी सरकारने १७७३ मध्ये तिला तो चहा परस्पर अमेरिकेत नेऊन विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त झाला. तरीही त्यात जकात होतीच. स्वस्त चहाचे आमिष दाखवून आपल्याकडून कराला संमती घेतली जात आहे, हे लोकांनी ओळखले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री रेड इंडियनांचे सोंग घेतलेले काही लोक बॉस्टन बंदरातील तीन जहाजांवर चढले आणि त्यांनी ३४२ पेट्या चहा समुद्रात ओतला.

फ्रँकलिनला हे कृत्य आवडले नाही. चहाची किंमत भरून द्यावी, असेच त्याचे मत होते. परंतु तो स्वतःच एका निराळ्या वादळात सापडला होता. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन याने पूर्वी एका इंग्रज गृहस्थास लिहिलेली काही खाजगी पत्रे फ्रँकलिनच्या हाती आली होती. वसाहतींतील स्वातंत्र्याला आळा घातला पाहिजे, असा त्यांत सल्ला होता. ही पत्रे त्याने छापू नयेत या अटीवर बॉस्टनच्या पुढाऱ्यांकडे पाठविली. लोकांचा राग इंग्लंडवरून उतरून या दोनचार स्थानिक अधिकाऱ्यांवर जावा आणि मातृदेशाशी समेट व्हावा, हा त्याचा हेतू होता. दुसऱ्याची पत्रे अशी पुढे पाठविणे योग्य की अयोग्य, याविषयी आजही दुमत होईल. पत्रे बॉस्टनमध्ये छापली गेली. ती कोणी फोडली यावरून लंडनमध्ये दोन गृहस्थांत द्वंद्वयुद्ध झाले. निरपराध माणसाचा बळी जाऊ नये म्हणून फ्रँकलिनने आपण होऊन वर्तमानपत्रातून कबुली दिली.

हचिन्सनला परत बोलवावे, असा अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाने केला होता. त्याची सुनावणी २९ जानेवारी १७७४ रोजी राजाच्या मंत्रिमंडळापुढे ठेवण्यात आली. सुनावणीच्या त्या जागेला कॉकपिट म्हणत; आठव्या हेन्री राजाच्या काळात तेथे कोंबड्यांच्या झुंजी लागत. बॉस्टनच्या चहाची बातमी नुकतीच लंडनला पोहोचली होती आणि राजधानी चिडलेली होती. सरदार, मंत्री व बडे लोक यांनी दालन गच्च भरून गेले. सरकारी वकील वेडरबर्न उठला. त्याने अर्जाचा विषय बाजूस ठेवला आणि तो फ्रँकलिनवर घसरला. त्याला त्याने चोर ठरविले, मानी लोकांच्या पंक्तीतून उठविले, यापुढे लोक त्याच्यापासून आपली कागदपत्रे लपवून ठेवतील, असा टोमणा मारला. सुमारे तासभर हा शिव्यांचा भडिमार चालला होता. श्रोते हसत होते, टेबलावर हात आपटून दाद देत होते. अडुसष्ट वर्षांचा फ्रँकलिन निळ्या मखमलीचा पोशाख घालून शेकोटीजवळ उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. उलटतपासणीस उभे राहण्याचे त्याने नाकारले आणि तो एक शब्दही न बोलता निघून गेला. अर्ज फेटाळला गेला. लगोलग टपालखात्यातील त्याची जागाही काढून घेण्यात आली. हे खाते त्यानेच तोट्यातून नफ्यात आणले होते.

राजाला आपल्या बाजूचा जो एक समंजस अमेरिकन मिळाला होता, तो त्या दिवशी त्याने गमावला. तरीही फ्रँकलिन आणखी एक वर्ष लंडनमध्ये राहिला. पार्लमेंटने बॉस्टनचे बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. इतर वसाहतींनी उपाशी बॉस्टनला धान्य व मेंढरे पाठविली आणि सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियास एकत्र जमले. वीस वर्षांपूर्वी फ्रँकलिनच्या चित्रातील सापाला जे जमले नव्हते, ते या कायद्यांनी घडविले. इकडे फ्रँकलिन ॲडमिरल हाऊ याच्या बहिणीकडे बुद्धिबळ खेळण्यास जात असे. बुद्धिबळ हे केवळ निमित्त होते. त्या घरी हाऊशी त्याच्या तडजोडीच्या गुप्त वाटाघाटी चालत. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. याच सुमारास, डिसेंबरमध्ये, तिकडे डेबोरा वारली. दहा वर्षांत तिला नवऱ्याचे दर्शन घडले नव्हते. विल्यम बर्फातून प्रवास करून तिच्या अंत्यविधीस पोहोचला आणि त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांच्या न येण्याचे दुःख बोलून दाखविले.

मार्च १७७५ मध्ये फ्रँकलिन जहाजावर चढला. प्रवासात त्याने वाटाघाटींचा सगळा वृत्तांत विल्यमला उद्देशून लिहून काढला. मुलाला आपली बाजू पटावी, अशी त्याची इच्छा असली पाहिजे. ५ मे रोजी तो फिलाडेल्फियास उतरला, तेव्हा लेक्सिंग्टन व कॉन्कॉर्ड येथे इंग्रज सैनिक आणि वसाहतीतील शेतकरी यांच्यात रक्त सांडून पंधरवडा उलटला होता. दुसऱ्याच दिवशी त्याची काँग्रेसवर निवड झाली.

काही दिवसांनी बापलेकांची एका स्नेह्याच्या घरी भेट झाली. रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले. आपण आता स्वातंत्र्याच्या बाजूचे आहो, हे वडिलांनी उघड केले. विल्यमला ते पटले नाही. तो राजाचे अन्न खात होता. दिलेली शपथ मोडणे त्याला अधर्म वाटे. शिवाय ज्या निष्ठेत तो वाढला, ती वडिलांनीच त्याला शिकविली होती. दोघे दोन वाटांनी गेले. पुढल्या वर्षी, जून १७७६ मध्ये, न्यूजर्सीच्या लोकांनी गव्हर्नर विल्यम फ्रँकलिनला अटक केली. त्याच महिन्यात बेंजामिन फ्रँकलिन जाहीरनामा तयार करणाऱ्या पाच जणांच्या समितीत बसून जेफर्सनच्या मसुद्यावर नजर फिरवीत होता. ४ जुलै १७७६ रोजी काँग्रेसने तो जाहीरनामा मंजूर केला. विल्यमला तुरुंगात फार हाल सोसावे लागले. त्याची पत्नी न्यूयॉर्कला मृत्युशय्येवर होती, तरी तिला भेटण्याची परवानगी त्याला मिळाली नाही. सुनेसाठी किंवा मुलासाठी वडिलांनी रदबदली केल्याचे दिसत नाही. फ्रँकलिनच्या चरित्रातील हे पान वाचताना मन अस्वस्थ होते.

जुलै महिन्यातच ॲडमिरल हाऊ आरमार घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्यावर आला आणि त्याने आपल्या जुन्या बुद्धिबळी मित्रास समेटाचे पत्र लिहिले. फ्रँकलिनने उत्तर पाठविले. साम्राज्याला त्याने चिनी मातीच्या सुंदर भांड्याची उपमा दिली. ते भांडे फुटू नये म्हणून आपण किती वर्षे जपलो, आणि एकदा फुटल्यावर तुकडे जोडून पहिली किंमत कशी येत नाही, हे त्याने लिहिले.

वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने त्याला फ्रान्सला पाठविले. सत्तर वर्षांचा म्हातारा दोन नातवांना घेऊन हिवाळ्यातला अटलांटिक ओलांडून गेला. पॅरिसमध्ये लोकांच्या डोक्यांवर पावडर लावलेले केसांचे टोप. याच्या डोक्यावर साधी केसाळ कातड्याची टोपी. त्या टोपीने सारे पॅरिस वेडे केले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई हा काही लोकसत्तेचा पुरस्कर्ता नव्हता. त्याला मागच्या युद्धातील पराभवाचे उट्टे काढावयाचे होते. फ्रान्सची ही नजर आपल्याकडेही वळली होती. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास नाना फडणिसांकडे आला होता आणि मुंबईच्या इंग्रजांना त्याची धास्ती पडली होती. साराटोगा येथे इंग्रजांची एक संबंध फौज शरण आल्याची वार्ता येताच फ्रान्सने मन घट्ट केले. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी मैत्रीच्या तहावर सह्या झाल्या. त्या प्रसंगी फ्रँकलिनने कॉकपिटमधला तोच जुना निळा मखमली पोशाख मुद्दाम घातला होता, असे सांगतात.

फ्रान्सचे पैसे, सैन्य व आरमार यांच्या साहाय्याने ऑक्टोबर १७८१ मध्ये वॉशिंग्टनने यॉर्कटाऊन येथे निर्णायक विजय मिळविला. ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे तह झाला आणि इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले. त्या तहावर फ्रँकलिनची सही आहे.

इंग्लंडशी समेट झाला. मुलाशी झाला नाही. लंडनला जाऊन राहिलेल्या विल्यमने १७८४ मध्ये गोडीचे पत्र लिहिले. वडिलांनी उत्तर दिले. पण म्हातारपणी आपल्या एकुलत्या उरलेल्या मुलाने साथ सोडावी आणि आपल्याविरुद्ध शस्त्र धरावे, यापेक्षा अधिक दुःख दुसऱ्या कशाने झाले नाही, हेही त्यात होते. पुढल्या वर्षी मायदेशी परतताना फ्रँकलिनचे जहाज साउदम्प्टन बंदरात थांबले. तेथे चार दिवस दोघे एकत्र होते. त्या भेटीत विल्यमच्या अमेरिकेतील जमिनींची खरेदीखते पुरी करण्यात आली. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

फिलाडेल्फियास त्याचे मोठे स्वागत झाले. १७८७ मध्ये राज्यघटना तयार करणाऱ्या सभेत तो सर्वांत वयोवृद्ध सभासद होता. नव्या राष्ट्रात स्वातंत्र्य सर्वांना मिळाले नव्हते. लाखो नीग्रो गुलामगिरीतच होते. फ्रँकलिनच्या स्वतःच्या घरीही पूर्वी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात त्यांच्या विक्रीच्या जाहिराती येत. ही चूक त्याला उशिरा उमगली. उमगल्यावर तो गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्याने आपल्या सहीचा अर्ज काँग्रेसकडे पाठविला. काँग्रेसने तो मानला नाही.

१७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फ्रँकलिनने देह ठेवला. अंत्ययात्रेस सुमारे वीस हजार लोक लोटले होते. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांस त्याने तरुण कारागिरांना कर्जे देण्यासाठी प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. विल्यमला त्याने नोव्हा स्कोशियातील काही जमीन आणि त्याच्याकडे आधीपासून असलेली पुस्तके व कागदपत्रे एवढेच दिले. युद्धात त्याने घेतलेली बाजू लक्षात घेता याहून अधिक देता येत नाही, असे त्याने मृत्युपत्रात नमूद केले. फिलाडेल्फियातील क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत डेबोराच्या शेजारी त्याला पुरण्यात आले. त्याच्याच इच्छेप्रमाणे वर एक साधी शिळा आहे आणि तिच्यावर बेंजामिन व डेबोरा फ्रँकलिन ही दोन नावे आणि १७९० हे साल एवढेच कोरलेले आहे.